दोन दरबारांमधला बिशप: फिलिप शाफगॉचची हद्दपारी

चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर सीमेवर, पोलंडला लागून, यावोर्निक नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या वर टेकडीवर जुना वाडा उभा आहे. पूर्वी या भागातले जर्मन बोलणारे लोक त्याला योहानेसबर्ग म्हणत. १७६६ साली पन्नाशीला टेकलेला एक कॅथलिक बिशप प्रशियाच्या, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या एका बलाढ्य राज्याच्या, राजाच्या नजरकैदेतून निसटून या वाड्यात आला, आणि ५ जानेवारी १७९५ रोजी इथेच वारला. मधल्या सगळ्या काळात तो कागदोपत्री बिशपच होता. त्याचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, इथून ऐंशीएक किलोमीटरवर ब्रेस्लाउ शहरात होतं, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये. तिथे पाय ठेवायची त्याला मुभा नव्हती.

या बिशपचं नाव फिलिप गोटहार्ड फॉन शाफगॉच. युरोपच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. एका बाजूचे लोक त्याला राजाचा उपकार विसरलेला कृतघ्न म्हणतात, दुसऱ्या बाजूचे त्याला चर्चसाठी छळ सोसलेला धर्मनिष्ठ म्हणतात. मला दोन्ही चित्रं अपुरी वाटतात. त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर आधी त्याचं पद समजून घ्यावं लागतं, कारण तो ज्या पेचात अडकला त्याचं निम्मं कारण त्या पदाच्या घडणीतच होतं.

एकाच माणसाचे तीन धनी

आपल्याला बिशप म्हटलं की धर्मप्रांताचा प्रमुख एवढंच डोळ्यांपुढे येतं. धर्मगुरूंना दीक्षा देणं, दृढीकरणाचा संस्कार करणं, धर्मग्रामांवर फादर नेमणं, विवाहाचे खटले चर्चच्या न्यायालयात चालवणं ही त्याची कामं. मध्ययुगातल्या जर्मन मुलखात मात्र अनेक बिशपांकडे याच्या जोडीला जमिनीचं राज्यही होतं. गावं, जंगलं, शेतसारा, दिवाणी न्याय, किल्ले, सगळं त्यांचं. अशा बिशपला ‘प्रिन्स-बिशप’ म्हणत. राज्य वारशाने मिळत नसे, कारण बिशप ब्रह्मचारी. पद रिकामं झालं की नवा बिशप निवडला जाई आणि राज्य त्याच्याकडे जाई.

ब्रेस्लाउच्या बिशपांकडे नाइसे शहर आणि त्याच्या भोवतीचा मुलूख बाराव्या शतकाच्या अखेरीपासून आला. १३४४ मध्ये त्यांनी शेजारचा ग्रोटकाउ विकत घेतला. तेव्हापासून ते नाइसेचे प्रिन्स आणि ग्रोटकाउचे ड्यूक अशा पदव्या लावू लागले. तरी कोलोन किंवा माइन्ट्सच्या आर्चबिशपांसारखे ते थेट सम्राटाच्या हाताखालचे संस्थानिक नव्हते. ब्रेस्लाउ ज्यात येतं तो सायलेशिया प्रांत बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक मुलखाच्या, राजाचा होता आणि ब्रेस्लाउचा बिशप त्या राजाचा मांडलिक.

म्हणजे या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे तीन धनी होते. धर्माच्या बाबतीत तो रोमच्या पोपला बांधलेला. जमिनीच्या बाबतीत राजाला बांधलेला. आणि ज्यांनी त्याला निवडलं त्या कॅननांच्या (कॅथेड्रलच्या वरिष्ठ धर्मगुरूंच्या) मंडळाला, म्हणजे चॅप्टरला, तो तिसऱ्या अंगाने बांधलेला. कायद्याने चॅप्टर निवड करी, पोप मान्यता देई. प्रत्यक्षात राजाच्या मनात नसलेला माणूस निवडून येणं कठीण असे. १५२६ पासून बोहेमियाचा राजमुकुट व्हिएन्नातून ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाप्सबुर्ग घराण्याकडे होता. ते घराणं कॅथलिक असल्यामुळे दोनशे वर्षं तिन्ही धन्यांचं तोंड साधारण एकाच दिशेला राहिलं. कुरबुरी झाल्या, पण बिशपला कुणा एकाची निवड करायची वेळ फारशी आली नाही.

ही घडी डिसेंबर १७४० मध्ये मोडली.

सायलेशिया हातची जाते

ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट सहावा चार्ल्स वारला आणि हाप्सबुर्गांचा सगळा पसारा त्याच्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे, मारिया थेरेसाकडे आला. त्याच वर्षी प्रशियाच्या गादीवर दुसरा फ्रेडरिक बसला होता. बापाने जमवलेली भरलेली तिजोरी आणि कवायती फौज त्याच्या हाताशी होती. १६ डिसेंबरला त्याने युद्ध न पुकारताच सायलेशियात सैन्य घातलं. सुपीक जमीन, तागाच्या कापडाचा मोठा व्यापार आणि दाट वस्ती असलेला हा प्रांत त्याला हवा होता. १७४२ च्या तहात त्याने तो जवळजवळ सगळा मिळवला. मारिया थेरेसाकडे दक्षिणेची एक चिंचोळी पट्टी उरली.

ही नवी सरहद्द बिशपच्या मुलखामधून गेली. नाइसे शहर, कॅथेड्रल, चॅप्टर, बहुतेक धर्मग्रामं आणि उत्पन्नाचा मोठा भाग प्रशियात गेला. डोंगराकडचे फ्रायवाल्डाउ, त्सुकमांटेल, यावोर्निक हे परगणे ऑस्ट्रियात राहिले. भावांच्या वाटणीत शेत एकाच्या नावावर जावं आणि विहीर दुसऱ्याच्या, तसं झालं. पण बिशपच्या बाबतीत धर्मप्रांताची वाटणी झालीच नाही. चर्चच्या लेखी ब्रेस्लाउचा धर्मप्रांत पूर्वीइतकाच, अखंड, राहिला. राजांनी ओढलेली रेषा पोपला आपोआप लागू होत नाही. धर्मप्रांताच्या सीमा बदलायचा अधिकार रोमचा, आणि रोमला एका प्रोटेस्टंट राजाच्या लुटीवर घाईने शिक्का मारायचा नव्हता.

प्रजेची बाजूही इथे सांगायला हवी. सायलेशियातल्या ल्यूथरपंथीयांनी हाप्सबुर्गांच्या राज्यात फार सोसलं होतं. त्यांची शेकडो चर्चेस काढून घेतली गेली होती. १७०७ मध्ये स्वीडनच्या राजाच्या दबावामुळे त्यांतली शंभरावर परत मिळाली, एवढाच काय तो दिलासा. त्यामुळे प्रशियाचं सैन्य आलं तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना ते मुक्तिदाते वाटले. फ्रेडरिकचं वैयक्तिक मतही होतं की ज्याने त्याने आपापल्या मार्गाने मोक्ष मिळवावा, सरकारने त्यात पडू नये. कॅथलिकांची पूजा त्याने बंद केली नाही. बर्लिनमध्ये त्याने कॅथलिकांना चर्च बांधू दिलं आणि ते सायलेशियाची संत हेडविग हिच्या नावाने उभं राहिलं.

पण पूजेचं स्वातंत्र्य ही एक गोष्ट आणि चर्चचं स्वातंत्र्य ही दुसरी. फ्रेडरिकला बिशप हा आपला एक अधिकारी असावा असं वाटे. मठांच्या जमिनीच्या उत्पन्नावर त्याने निम्मा कर बसवला. बर्लिनमध्ये प्रशियातल्या सगळ्या कॅथलिकांसाठी एक सर्वोच्च धर्मपीठ काढून रोमकडे जाणारी वाटच आखडायची, असाही त्याचा बेत होता. तो पोपच्या विरोधामुळे बारगळला. त्या वेळचा बिशप कार्डिनल झिन्झेनडॉर्फ या सगळ्यात गोंधळून गेला. युद्धाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाशी संधान असल्याच्या संशयावरून फ्रेडरिकने त्याला काही काळ अटकेतही ठेवलं होतं. पुढे तो राजाला नाही म्हणायला धजत नसे आणि रोमला हो म्हणायलाही. त्याची प्रकृती खालावत चालली होती. त्याच्या मागे कोण, हा प्रश्न फ्रेडरिकने आधीच सोडवून ठेवायचं ठरवलं.

राजाने निवडलेला माणूस

शाफगॉच हे सायलेशियातलं बडं घराणं. फिलिपचा जन्म ३ जुलै १७१६ चा, रीझनगेबिर्ग डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या वार्मब्रुन गावचा. बाप काउंट हान्स अँटन हाप्सबुर्गांच्या सायलेशियातल्या कारभाराचा प्रमुख होता. या घराण्याला दोन सत्तांच्या मध्ये सापडण्याचा जुना अनुभवही होता. त्याचा एक पूर्वज, हान्स उलरिश, सम्राटाचा सेनापती वालेनश्टाइनच्या बाजूचा समजला गेला आणि १६३५ मध्ये रेगेन्सबुर्गला त्याचं डोकं उडवलं गेलं. तेव्हा जप्त झालेली जहागीर घराण्याला पुढे सगळीच्या सगळी परत मिळाली नाही.

फिलिप धाकट्या मुलांपैकी, म्हणून चर्चच्या वाटेला लावला गेला. मनाची ओढ होती म्हणून नव्हे. बड्या घरात तसाच रिवाज होता. ब्रेस्लाउला जेझुइटांकडे आणि मग रोममध्ये शिक्षण झालं. तरुणपणी तो देखणा, हजरजबाबी, मैफलींत रमणारा होता. चर्चच्या शिस्तीपेक्षा दरबाराची सवय त्याला जास्त. तो फ्रीमेसनही झाला. १७३८ मध्ये पोपने फरमान काढून कॅथलिकांना या गुप्त मंडळींत जायची बंदी घातली होती, तरीही. फ्रेडरिक स्वतः त्याच वर्षी मेसन झाला होता. दोघांचं जमायला वेळ लागला नाही.

१७४४ मध्ये फ्रेडरिकने त्याला कोअॅजुटर नेमलं, म्हणजे हयात बिशपचा सहायक आणि ठरलेला वारस. वयाची अठ्ठावीस वर्षंही त्याने पुरी केली नव्हती. चॅप्टरने विरोध केला. त्यावर फ्रेडरिकने कार्डिनलला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पवित्र आत्मा आणि मी या नेमणुकीवर एकमत आहोत, जे कॅनन विरोध करतील ते व्हिएन्नाच्या दरबाराला आणि सैतानाला विकले गेले असं समजण्यात येईल, असा त्याचा आशय. एरवी भित्रा असलेल्या कार्डिनलने उत्तर मात्र धारदार दिलं: महाराजांची आणि पवित्र आत्म्याची एवढी ओळख झाल्याचं मला ठाऊक नव्हतं, आता त्याने पोपला आणि कॅननांनाही अशीच प्रेरणा द्यावी.

पोप चौदावा बेनेडिक्ट सहजी तयार होणारा नव्हता. उमेदवाराच्या चालचलनाबद्दल रोमपर्यंत बरंच काही गेलं होतं. शिवाय प्रोटेस्टंट राजा बिशप नेमतो ही गोष्ट एकदा खपवून घेतली की कायमची गळ्यात पडणार होती. १७४७ च्या सप्टेंबरात झिन्झेनडॉर्फ वारला आणि प्रश्न टाळता येईना. नाही म्हटलं तर धर्मप्रांत बिशपविना राहतो, आणि राजा त्याचा आणखी फायदा घेतो. चौकशी झाली, शाफगॉचने रोमला निष्ठेची ग्वाही दिली, आणि १७४८ मध्ये पोपने मान्यता दिली. १ मे १७४८ रोजी त्याचा बिशप म्हणून अभिषेक झाला.

यानंतर जे घडलं ते मला या आयुष्यातलं सगळ्यात लक्ष देण्यासारखं वाटतं. राजाने ज्याला आपल्या मर्जीतला मवाळ माणूस म्हणून बसवलं, तो खुर्चीवर बसल्यावर बदलला. जुनी राहणी सोडली, धर्मप्रांताच्या कामात लक्ष घातलं, चर्चच्या हक्कांचा मुद्दा आला की राजाच्या अधिकाऱ्यांसमोर उभा राहू लागला. फ्रेडरिकला हा विश्वासघात वाटला, आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. पण पदाचा विचार केला तर शाफगॉच चुकला असं मी म्हणणार नाही. बिशप झालेल्या माणसाने बिशपसारखं वागणं हा कुणाशी केलेला विश्वासघात असू शकत नाही. त्याची खरी अडचण वेगळी होती. राजाच्या कृपेने आल्याचा डाग असल्यामुळे चॅप्टर आणि रोम त्याच्यावर पुरता विश्वास टाकत नव्हते, आणि राजाला आता तो नकोसा झाला होता.

१७५७ चा हिवाळा

१७५६ मध्ये सात वर्षांचं युद्ध सुरू झालं. मारिया थेरेसाला सायलेशिया परत हवा होता आणि या वेळी फ्रान्स व रशिया तिच्या बाजूला होते. २२ नोव्हेंबर १७५७ रोजी ऑस्ट्रियाच्या फौजेने ब्रेस्लाउबाहेर प्रशियाचा पराभव केला आणि शहर घेतलं. कॅथलिकांना वाटलं, जुने दिवस परत आले. कॅथेड्रलच्या दाराशी कॅथलिक राणीची फौज आणि आत तिच्या शत्रूने नेमलेला बिशप, अशी ती वेळ होती.

जेमतेम दोन आठवड्यांत पारडं फिरलं. ५ डिसेंबरला लॉइटेनच्या लढाईत फ्रेडरिकने आपल्याहून कितीतरी मोठ्या ऑस्ट्रियन सैन्याची धूळधाण केली आणि महिनाअखेरीआधी ब्रेस्लाउ पुन्हा त्याच्या ताब्यात आलं. शाफगॉच त्याआधीच शहर सोडून आपल्या ऑस्ट्रियन बाजूच्या मुलखात आणि तिथून मोराव्हियात गेला होता. फ्रेडरिकने त्याला देशद्रोही ठरवलं, परतीची वाट बंद केली आणि प्रशियातलं त्याचं उत्पन्न जप्त केलं.

त्या वेळचं वातावरण किती विषारी होतं हे कळायला एक प्रसंग पुरेसा आहे. ग्लाट्स किल्ल्यातल्या आंद्रेआस फाउल्हाबर या फादरवर आरोप आला की एका शिपायाला पापनिवेदनाच्या वेळी त्याने फौजेतून पळून जायला उत्तेजन दिलं. फाउल्हाबरने पापनिवेदनात काय बोललं गेलं ते सांगायला साफ नकार दिला, कारण ते गुपित फोडणं हा धर्मगुरूसाठी सर्वांत मोठा गुन्हा आहे. शिपायाने साक्ष फिरवली, तरी ३० डिसेंबर १७५७ रोजी त्याला फाशी दिलं गेलं, तेही अखेरचे संस्कार न देता. १७६० मध्ये ऑस्ट्रियन फौजेने किल्ला घेईपर्यंत प्रेत फासावरून उतरवलं नव्हतं. फ्रेडरिकच्या नजरेत प्रत्येक कॅथलिक धर्मगुरू व्हिएन्नाचा संभाव्य हेर झाला होता. दुसऱ्या अंगाने तो धर्माचा प्रचारासाठी वापरही करत होता. पोपने ऑस्ट्रियन सेनापती डाउनला आशीर्वादाची तलवार पाठवली, असं सांगणारं बनावट पत्र त्याने स्वतः रचून पसरवलं, म्हणजे युरोपातल्या प्रोटेस्टंटांना हे धर्मयुद्ध वाटावं.

मग मारिया थेरेसाने या पळून आलेल्या बिशपला मिठी मारली असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. तिच्या आठवणीत हा तोच माणूस होता ज्याने सायलेशिया लुटणाऱ्याच्या हातून बिशपपद घेतलं. ती कट्टर धार्मिक होती, त्याच्या तरुणपणीच्या कहाण्या तिला माहीत होत्या. आश्रय दिला, पण व्हिएन्नाच्या दरबारात त्याला जागा नव्हती. बर्लिनच्या लेखी तो ऑस्ट्रियाचा, व्हिएन्नाच्या लेखी प्रशियाचा.

१५ फेब्रुवारी १७६३ च्या हुबर्टुसबुर्गच्या तहाने युद्ध संपलं. सायलेशिया प्रशियाकडेच राहिला. आता भांडायला कारण उरलं नसल्यामुळे शाफगॉचला परत येऊ दिलं गेलं, पण ब्रेस्लाउला नाही. त्याने ओपेल्नमध्ये, म्हणजे आजच्या ओपोलेमध्ये, राजाच्या नजरेखाली राहायचं. तीन वर्षं हे चाललं. १७६६ मध्ये आपल्याला आणखी कडक कैदेत टाकणार अशी धास्ती त्याला वाटली आणि तो सरहद्द ओलांडून योहानेसबर्गला आला. सत्तेचाळीस वर्षांच्या बिशपपदापैकी आपल्या कॅथेड्रलच्या शहरात त्याने काढलेली वर्षं दहासुद्धा भरत नाहीत.

बिशप आहे, पण कारभार दुसऱ्याकडे

आता पेच कायद्याचा होता. कॅथलिक चर्चमध्ये बिशपला राजा काढू शकत नाही. पोपला तो अधिकार आहे, पण त्यासाठी तसाच गुन्हा लागतो, आणि राजाची नाराजी हा गुन्हा नव्हे. शाफगॉच राजीनामा देत नव्हता. फ्रेडरिक त्याचा एकही हुकूम सरहद्दीच्या आत येऊ देत नव्हता. आणि हजारो माणसांना दीक्षा मिळालेले फादर हवे होते, मुलांचं दृढीकरण व्हायचं होतं, विवाहाचे निवाडे अडले होते.

रोमने यावर जो तोडगा काढला त्याचं नाव व्हिकर अपोस्टॉलिक. हा अधिकारी बिशपचा कारभार करतो, पण बिशपच्या वतीने नव्हे, थेट पोपच्या वतीने. त्यामुळे राजाला ‘तो माणूस’ हद्दीत नको ही अट पाळली जाते आणि बिशपचं पदही शाबूत राहतं. शाफगॉचचा साहाय्यक बिशप योहान मोरित्स फॉन श्ट्राखवित्स याच्याकडे हे काम आलं. १७८१ मध्ये तो वारल्यावर आंतोन फॉन रोथकिर्शकडे. शाफगॉचच्या हाती उरले ते ऑस्ट्रियाच्या बाजूचे डोंगरी परगणे.

हे पद आपल्याकडेही परकं नाही. १७२० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई बेटावरच्या कॅथलिकांवरचा गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार बंद केला, कारण आर्चबिशप पोर्तुगालच्या राजाचे आणि बेट इंग्रजांचं. चर्चेस दिली गेली ती कार्मेलाइट पंथाच्या व्हिकर अपोस्टॉलिकच्या हाती. पुढे मुंबईत गोव्याकडची आणि रोमकडची अशी दुहेरी व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत चालली, आणि कुठलं चर्च कुणाचं यावरून घराघरांत भांडणं झाली. राज्याची सरहद्द एकीकडे आणि धर्मप्रांताची दुसरीकडे गेली की सामान्य माणसाला काय निस्तरावं लागतं, हे मुंबई-वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरांना सांगायला नको.

सायलेशियातही खरा भुर्दंड प्रजेलाच पडला. नाइसे शहर यावोर्निकपासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथे जन्मलेलं मूल मोठं होऊन संसाराला लागलं तरी आपला बिशप त्याने पाहिला नाही असं सहज झालं असेल. बिशप आणि राजा यांच्या हट्टाचं वर्णन करताना ही माणसं सहसा निसटतात. शाफगॉचने राजीनामा दिला असता तर त्यांची सोय झाली असती का? कदाचित. पण मग पुढचा बिशप राजाने आणखी सांभाळून निवडला असता. त्याच्या न हटण्यामागे अहंकार होता तसा हाही विचार असणार, असं मला वाटतं.

वाड्यातलं संगीत

धर्मप्रांताचा मोठा भाग हातातून गेला, वेळ भरपूर, उत्पन्न बेताचं, हिवाळा लांबलचक. अशा अवस्थेत या बिशपने जे केलं त्यामुळे त्याचं नाव संगीताच्या इतिहासात राहिलं. १७६९ मध्ये व्हिएन्नाचा तिशीतला व्हायोलिनवादक आणि संगीतकार कार्ल डिटर्स त्या बाजूला आला होता. हंगेरीतल्या ज्या बिशपच्या वाद्यवृंदाचा तो प्रमुख होता तो वाद्यवृंद नुकताच मोडला होता. शाफगॉचने त्याला पाहुणा म्हणून बोलावलं आणि ठेवूनच घेतलं.

डिटर्सने वाड्यात छोटा वाद्यवृंद उभा केला, थिएटर उभं राहिलं, इटालियन विनोदी ऑपेरा होऊ लागले. १७७१ मध्ये त्याचा ‘डाविदे’ हा ऑरेटोरिओ, म्हणजे धार्मिक कथेवरची गायन-वादनाची मोठी रचना, झाला. गायिका निकोलिना ट्रिंक इथे आली आणि पुढे डिटर्सची बायको झाली. संगीतकाराला मोठा पगार देणं बिशपला परवडत नव्हतं, म्हणून त्याने आपल्या मुलखातल्या जंगलांचा अधिकारी म्हणून त्याला नेमलं आणि पुढे फ्रायवाल्डाउ परगण्याचा कारभारी केलं. त्या जागेसाठी उमराव असणं गरजेचं होतं, म्हणून १७७३ मध्ये व्हिएन्नाहून उमरावकी मिळवली गेली आणि डिटर्सचा ‘फॉन डिटर्सडॉर्फ’ झाला. याच नावाने तो आज ओळखला जातो. १७८४ मध्ये व्हिएन्नातल्या एका घरगुती बैठकीत हायडन, डिटर्सडॉर्फ, मोत्सार्ट आणि वानहाल यांनी मिळून चार वाद्यांचं संगीत वाजवलं, अशी आठवण तिथे हजर असलेल्या एका गायकाने लिहून ठेवली आहे. त्या चौघांतला दुसरा व्हायोलिन वाजवणारा माणूस सरहद्दीवरच्या या हद्दपार बिशपचा जंगल-अधिकारी होता!

१७७८ मध्ये बव्हेरियाच्या वारशावरून प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं पुन्हा जुंपलं आणि वाद्यवृंद पांगला. तह झाल्यावर तो पुन्हा जमवला गेला, पण बिशप म्हातारा होत चालला होता. १७ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रेडरिक वारला. शाफगॉचला परतीची आशा वाटली असेल. नव्या राजाने त्याला बोलावलं नाही. १७८७ मध्ये त्याच्यासाठी कोअॅजुटर नेमला गेला, योसेफ क्रिस्टियान फॉन होहेनलोहे. जे पद त्रेचाळीस वर्षांपूर्वी झिन्झेनडॉर्फच्या उशाशी शाफगॉच स्वतः घेऊन उभा होता, तेच आता त्याच्या उशाशी आलं. १७९५ मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो गेला. डिटर्सडॉर्फची नोकरी त्याच्याबरोबर संपली. हाती पडलेलं तुटपुंजं निवृत्तिवेतन संधिवाताने जखडलेल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला पुरणारं नव्हतं. बोहेमियातल्या एका सरदाराने आसरा दिला आणि तिथेच, आत्मचरित्र मुलाला सांगून पुरं करून, तो १७९९ मध्ये वारला.

त्याच रेषेचा दुसरा उपयोग

१८१० मध्ये प्रशियाने चर्चच्या जमिनी सरकारजमा केल्या. नाइसेचं राज्य गेलं. पण ऑस्ट्रियाच्या बाजूच्या मुलखावर प्रशियाचा हुकूम चालत नव्हता, त्यामुळे योहानेसबर्ग आणि भोवतालची जंगलं ब्रेस्लाउच्या बिशपांकडेच राहिली. ज्या सरहद्दीने शाफगॉचचा धर्मप्रांत चिरला, तिच्यामुळेच पुढच्या बिशपांना एक निवाऱ्याची जागा उरली.

ती लवकरच लागली. १८७० च्या दशकात बिस्मार्कने कॅथलिक चर्चला सरकारच्या दावणीला बांधायचे कायदे केले. बिशप हाइनरिश फ्योर्स्टरने ते मानले नाहीत. १८७५ मध्ये प्रशियाच्या न्यायालयाने त्याला पदच्युत ठरवलं. तो सरहद्दीपलीकडे योहानेसबर्गला गेला आणि १८८१ मध्ये तिथेच वारला. १९४५ च्या सुरुवातीला लाल सेनेने ब्रेस्लाउला वेढा घातला तेव्हा कार्डिनल आडोल्फ बेर्ट्रामही याच वाड्यात आला, आणि ६ जुलै १९४५ रोजी इथे त्याचा मृत्यू झाला. तोवर ब्रेस्लाउ पोलंडकडे गेलं होतं आणि तिथली जर्मन वस्ती उठवली जाऊ लागली होती.

दुसऱ्या महायुद्धाने सगळ्या राजकीय सीमा बदलल्या, तरी चर्चच्या नोंदीत जुना धर्मप्रांत बरीच वर्षं तसाच होता. रोमची सवयच अशी, की तह होऊन सीमा पक्की झाल्याशिवाय धर्मप्रांत हलवायचा नाही. पश्चिम जर्मनीने पोलंडची नवी सीमा करार करून मान्य केल्यावर, १९७२ च्या जूनमध्ये, पोप सहाव्या पॉलने इथले धर्मप्रांत नव्याने आखले. चेक बाजूचा तुकडाही त्याच दशकात व्रोत्सवाफपासून अधिकृतपणे वेगळा झाला. फ्रेडरिकने १७४० मध्ये सैन्य घालून ओढायला घेतलेली रेषा चर्चच्या नकाशावर उतरायला सव्वादोनशेहून जास्त वर्षं लागली. यावोर्निकची धर्मग्रामं आता चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा-ओपावा धर्मप्रांतात आहेत.